सागरलहरचे कॅप्टन घरत

घरतकाका कधीच कॅप्टन नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी फसवलं म्हणायला नको. आमची सोसायटी फसली, पण तिला फसायची हौसच दांडगी होती.

सोसायटी बदलापूर पूर्वेला, शिरगावात. समुद्र दोन तासांवर, तोही गाडी वेळेवर मिळाली तर. म्हणून बिल्डरने इमारतीचं नाव ठेवलं 'सागरलहर'. पहिल्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं: एक आमचं, एक हसुराम घरतांचं. ते राहायला आले तेव्हा त्यांच्या टेम्पोतून आधी माणसं उतरली नाहीत, आधी एक गोल पितळी खिडकी उतरली. मग एक जाडजूड लोखंडी दरवाजा, मग केशरी रंगाची रबरी कडी, बुडणाऱ्याच्या अंगावर फेकतात ती, आणि शेवटी चादरीत गुंडाळलेली, मोठ्या कळशीएवढी पितळी घंटा. सेक्रेटरी परब खाली उभे राहून हे बघत होते. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं की गृहस्थ मर्चंट नेव्हीतले दिसतात. आठवड्याने पेंटर आला आणि खालच्या पाटीवर लिहून गेला: 'कॅप्टन एच. आर. घरत'.

काकांनी पाटी वाचली. मग चष्मा काढून, पुसून पुन्हा वाचली. म्हणाले, "अक्षर बरा हाय." आणि जिना चढून गेले. बस. त्यांचा सगळा गुन्हा एवढाच.

मला खरं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विठ्ठलवाडीला शाळेत शिकवायचे. माझ्या लग्नातलं कपाट उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आलं, आणि ते बनवणारा मिस्त्री म्हणजे हाच माणूस. तेव्हा केस काळे होते, कानावर पेन्सिल होती. त्याच्या शेटचा धंदा भंगारात निघालेल्या जहाजांच्या सामानाचा. जहाज तोडायला लागलं की हसू मिस्त्री आत शिरणार, पलंग, टेबलं, दरवाजे, कपाटं सांभाळून सोडवणार आणि बाजारात आणून त्यांचं पुन्हा काहीतरी करणार. माझं कपाट कुठल्यातरी ग्रीक खलाशाचं होतं म्हणे. त्याच्या आतल्या बाजूला अजून एका बाईचं चित्र चिकटवलेलं आहे. आमच्या ह्यांनी ते काढू दिलं नाही.

तरी मी गप्प राहिले. शिरगावात करमणुकीची साधनं कमी.

काका मात्र खोटं कधी बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. कुणी विचारलं, "कॅप्टन, किती जहाजं झाली?" की म्हणायचे, "बेचालीस. सगली आतशी बघितली." खरंच होतं. परबांनी एकदा सव्वीस जानेवारीला झेंडा फडकवायला त्यांनाच बोलावलं आणि भाषणाचा आग्रह केला. काकांनी घसा खाकरून एकच वाक्य टाकलं: "मी ज्या ज्या जहाजावर चरलो, तिथशी शेवटाला उतरनारा मीच." टाळ्यांचा कडकडाट झाला. परबांचे डोळे पाणावले. जहाजाचा पत्रा कापणारे येईपर्यंत लाकूडकाम उतरवून शेवटी मिस्त्री बाहेर पडतो, हे मी एकटीच जाणत होते. मीही टाळ्या वाजवल्या.

त्यांच्या घरात जाणं हे धाडसाचं काम होतं. तो लोखंडी दरवाजा त्यांनी मोरीला बसवला होता, वीतभर उंच उंबरठ्यासकट. निम्मी सोसायटी त्यावर आपटली असेल. काका आतून ओरडायचे, "पाय उचला, पाय! जहाजान पाय उचलूनच चालाचा!" गोल खिडकी स्वयंपाकघराला. तिच्यातून अथांग सागराऐवजी आमच्या वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या. दर रविवारी काका चिंच लावून ती खिडकी घासायचे, एवढी की शेवटी आमच्या चादरीसुद्धा परदेशी वाटायला लागल्या.

घंटा मात्र त्यांनी घरात ठेवली नाही. बाहेर जिन्यात, आमच्या दोघांच्या दारांमध्ये, भिंतीवर चार स्क्रू मारून टांगली. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, आमच्या धंद्यान एक नेम व्हता. आदी नारल फोराचा, जहाजाची माफी मांगाची. मंग सगला सामान काढाचा. पन घंटा सगल्यांच्या शेवटाला. घंटा हाय तवर जहाज जिता. घंटा काढली का मेला."

"मग ही इथे का टांगलीत?"

"वाजली पायजे ना. घरान ठेवून मी काय आरती करू?"

आणि वाजायला कारणही मिळालं. पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येतं, पण आमच्या इमारतीच्या टाकीत ते कधी पडेल हे आमच्या वॉचमनलाही ठाऊक नसायचं. काका जिन्यातल्या पाइपावर हात ठेवून उभे राहायचे. पाइप थरथरला की टोल. ठण्ण. मग चार मजल्यांवर बादल्या, पिंपं, टोप यांची एकच धावपळ. अकरा वर्षं सागरलहरला पाण्यासाठी भांडण झालं नाही. भांडायला आम्ही पार्किंग राखून ठेवलं होतं.

तर अशा सुखाच्या संसारात परबांच्या डोक्यात क्रूझ शिरली. ज्येष्ठांना सवलत, वीस जणांचा ग्रुप, मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. "आपल्या घरचा कॅप्टन असताना भीती कसली!" असं परब प्रत्येक मजल्यावर सांगत फिरले. घरचा कॅप्टन तेव्हा दाराआड उभा राहून घाम पुसत होता.

"माना नको. मी नाय येनार," ते बायकोला, हिराकाकूंना म्हणाले. दार उघडं होतं, मी ऐकलं. मी नेहमीच ऐकते.

हिराकाकू पदराने हात पुसत बाहेर आल्या. "चालीस वर्सा मेल्या जहाजांचा सामान पुसला मी. कुनाची पलंगा, कुनाची ताटा. आथा एक जिता जहाज दाखवा माना. येक."

काकांनी परबांच्या यादीत दोन नावं घातली. आमचे हे बोट म्हटलं की कपाळाला आठ्या घालतात, ते घरीच राहिले. मी निघाले.

बंदरावर सामान तपासताना कॅप्टन घरतांच्या खिशात एक जुना स्क्रूड्रायव्हर सापडला आणि तो काढून घेतला गेला. परब म्हणाले, "कॅप्टन, हे काय?" काका म्हणाले, "सवय." जहाजात शिरताना त्यांनी चपला काढल्या. मागे रांग तुंबली. त्यांनी भिंतीला हात लावला आणि तसेच उभे राहिले. मग काकूंचा हात धरून तिथेच टेकवला. भिंत बारीक थरथरत होती.

"जिता हाय," ते म्हणाले. मला वाटतं, एवढ्या जहाजांत थरथरणारी भिंत त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

पुढचे दोन दिवस मजेचे. बाकी मंडळी झुंबरांखाली फोटो काढत होती आणि काका टिचकी मारत फिरत होते. जिन्याच्या कठड्याला टिचकी, "पोकल." जेवणघराच्या खांबाला टिचकी, "पावडर बोर्ड. निस्ता भुसा." त्या लखलखत्या झुंबराकडे मान वर करून बघितलं आणि दयेने म्हणाले, "भंगारान याचा काय निंगाचा नाय." परब हे सगळं तज्ज्ञाचं मत म्हणून ऐकत होते आणि पुढे चार जणांना सांगत होते.

गोवा झालं. चौथ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरायचं, तर पहाटेच एका मधाळ आवाजाने कळवलं की अरबी समुद्रात हवा बिघडल्याने बंदर बंद आहे, जहाज बाहेरच थांबेल, तोवर आपण सुविधांचा आनंद घ्यावा. पोहायच्या तलावावर जाळी टाकलेली होती. गच्चीवर जायला मनाई. सुविधा म्हणजे खुर्च्या. त्या जमिनीला ठोकलेल्या होत्या, म्हणून निदान त्या तरी जागच्या जागी होत्या.

आमचं जहाज किनारा दिसणार नाही एवढ्या अंतरावर, भाडं न मिळालेल्या रिक्षासारखं इकडून तिकडे फिरत राहिलं. नाश्त्याला पोह्यांऐवजी पाव आला आणि सागरलहरचा धीर सुटला. सगळे जेवणघरात जमले आणि माणसं अशा वेळी जे करतात तेच सुरू झालं: जो तो जहाजांवर बोलू लागला. कुठलं जहाज कसं बुडालं हे ज्याने त्याने मोबाइलवर पाहिलेलंच होतं, आणि ते या घडीला सांगणं प्रत्येकाला आपलं कर्तव्य वाटलं. परबांनी कोकणची बोट काढली. "आमच्या आज्यानं पायाखाली मुंबईची बोट घातली, तेव्हा आमचं घराणं उभं राहिलं. किनाऱ्यावरून नेणाऱ्या छोट्या पडावातनं बोटीवर चढताना खलाशी खांद्यावर घ्यायचे. आणि आम्हाला इथे साधे पोहे नाहीत!"

शेजारच्या टेबलावर उल्हासनगरच्या लाजवंतीआंटी बसल्या होत्या. कांदा घातलेल्या जाड सिंधी पोळ्या, म्हणजे कोकी, त्यांनी डबाभर आणल्या होत्या आणि ओळख नसताना सगळ्यांना वाटत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मेरे बाबा भी बोट से आये थे. कराचीहून. बंदरात जागा नव्हती, तीन दिवस बाहेर उभे. पण ते घर सोडून आले होते, साईं. परत जायला घरच नव्हतं. तुमचं घर तर बदलापूरला आहे ना? लो, कोकी खाओ."

सगळे हात डब्याकडे गेले. सागरलहरच्या इतिहासात फुकटचं काही एवढ्या शरमेने घेतलेलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, पण निदान उपमा तरी.

तेवढ्यात परबांना आपला कॅप्टन आठवला. काका कोपऱ्यात काकूंना लिंबू चोखायला देत होते. "कॅप्टन, किती वाजता आत घेतील?"

काकांचे वाडवडील मिठागरातले. बोटाच्या पेरांवर तिथी मोजून भरतीची वेळ सांगणं हे त्यांच्या रक्तातच. कुणी समुद्राबद्दल विचारलं की बोटं आपोआप चालायची. "आज दसमी. म्हंजे भरती आठाच्या सुमाराला."

झालं! त्यांनी भरती सांगितली, सोसायटीने बंदर उघडलं. संध्याकाळी सातपासून वीस माणसं बूट घालून, बॅगा बांधून, कानटोप्या चढवून लांबच लांब बोळात बॅगांवर बसली. एकाने घरी फोन लावून भात टाकायला सांगायचं ठरवलं होतं, रेंज नव्हती म्हणून तो भात वाचला. आठ वाजले. भरती आली असणार, कारण काका तिथीत चुकत नसत. बंदर काही आलं नाही. साडेआठला पहिली बॅग कुरकुरत खोलीत परत गेली, आणि कॅप्टनकडे पहिल्यांदा तिरप्या नजरेने बघितलं गेलं.

रात्र कशीबशी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीही बंदर बंदच. परब उठले. "कॅप्टन, आता तुम्हीच वर जा. त्यांच्या कॅप्टनला भेटा. आमचं ऐकणार नाहीत, पण कॅप्टन कॅप्टनचं ऐकतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघांनी तर काकांचे दंडच धरले.

काकांचा चेहरा पांढरा पडला. ते माझ्याकडे बघत होते. सांगायची वेळ होती ती, माझीसुद्धा. मी कोकी चावत राहिले. आजही ते आठवलं की मला लाज वाटते.

काका वर गेले नाहीत, कारण त्याच क्षणी खालच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला. परबवहिनी मोरीत अडकल्या होत्या. जहाज कललं तसा दरवाजा आपटून चौकटीत बसला आणि काही केल्या उघडेना. वहिनींना रक्तदाबाचा त्रास. आधी त्या ओरडत होत्या, आम्ही पोचलो तोवर नुसता धापा टाकण्याचा आवाज येत होता. परबांनी खोलीतल्या फोनवरून माणूस बोलावला, पण त्या सकाळी अशा अडकलेल्या वस्तू जहाजभर होत्या. मधाळ आवाज म्हणाला, वीस मिनिटं.

"वीस मिनटान काय व्हईल ते मी बोलत नाय," काका म्हणाले. "चमचा द्या."

चमचा आला. काका गुडघ्यांवर बसले, दरवाज्याच्या तळाशी असलेल्या जाळीच्या फळीवर हात फिरवला आणि डोळे मिटले. बोटं पेरं मोजताना चालायची तशीच चालत होती. चमच्याच्या दांड्याने त्यांनी चार जागा सैल केल्या. मग म्हणाले, "वयनी, मागं सरा. भितीला टेका." आणि अनवाणी टाचेने लाथ मारली. फळी आत पडली. तिथून, वर्षानुवर्षं हळदीकुंकवात पहिला मान घेणाऱ्या परबवहिनी, चार पायांवर, कुंकू पुसलेलं, केस ओले, अशा हळूहळू बाहेर आल्या. काकूंनी त्यांना कवेत घेतलं.

परबांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तोंडही उघडलं. "कॅप्टन, तुम्ही हे... कॅप्टनलोकांना हे पण शिकवतात?"

हो म्हणाले असते तर चालून गेलं असतं. परबांनी प्रश्नात उत्तर घालूनच दिलं होतं. काकांनी हिराकाकूंकडे बघितलं. काकू परबवहिनींचे ओले केस पदराने पुसत होत्या.

"नाय," काका म्हणाले. "मी कॅप्टन नाय. कवाच नव्हतो. मी मिस्त्री. उल्लासनगरचा. मेली जहाजा खोलली मी. आसं दोन-तीनशे दरवाजे काढलं आसतील. जित्या जहाजावर या पयल्यांदा चरलो."

त्यांनी चमचा शर्टाला पुसून परत केला.

आता एखाद्याला वाटेल की सोसायटीने त्यांना खांद्यावर घेतलं असेल. तो माणूस सागरलहरमध्ये राहिलेला नाही. बायको वाचली याचा आनंद परबांना तासभर पुरला. कॅप्टन गेला याचं दुःख मात्र बंदर उघडून, उतरून, बदलापूरची गाडी पकडून घरी पोचलं तरी ओसरलं नव्हतं. त्या दुपारी जहाजावर जेवताना आमच्या टेबलावर काकाकाकूंच्या शेजारच्या दोन खुर्च्या मोकळ्या राहिल्या. एकीवर मी जाऊन बसले. एकीवर लाजवंतीआंटी. त्यांनी विचारलं, "हसू मिस्त्री? साईं, आमच्या घरी तुमचा पलंग आहे!" आणि त्या दिवसात काका पहिल्यांदा हसले.

पुढच्याच रविवारी कमिटीने ठराव केला. विषय: पाटीवरील चुकीच्या माहितीची दुरुस्ती. मी हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. पेंटर आला आणि 'कॅप्टन' खरवडून गेला. परबवहिनी तेवढ्या त्या सभेला आल्या नव्हत्या.

सोमवारी घंटा वाजली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने साबण लावलेल्या अंगाने जिन्यात येऊन आकाशाकडे बघितलं. गुरुवारी शिष्टमंडळ आलं. परब पुढे.

काका दारात उभे. "घंटा वाजवाचा मान कॅप्टनचा. मी पडलो मिस्त्री. ठराव हाय तुमचा."

"अहो घरत, पाण्याचा आणि ठरावाचा काय संबंध?"

"तां तुमी ठरावान लिवाला पायजे व्हता."

मागून परबवहिनी आल्या. नवऱ्याला बाजूला सारून म्हणाल्या, "पेंटरला फोन करा. आत्ता. नाहीतर आजपासून मोरीचं दार मी आतून लावून बसते, मग बघू तुम्ही कसे काढता ते." सागरलहरच्या इतिहासातला तो एकमेव ठराव, जो सभेशिवाय आणि एकमताने मंजूर झाला. शुक्रवारी 'कॅप्टन' परत आलं, पहिल्यापेक्षा जाड अक्षरात. शुक्रवारीच घंटा वाजली. आता सगळ्यांना माहीत होतं की हे कॅप्टन नाहीत, आणि सगळे त्यांना कॅप्टनच म्हणत होते. काकासुद्धा तेव्हापासून हाकेला ओ द्यायला लागले. आधी ते नुसते वळून बघायचे.

मागच्या वर्षी काकूंचे गुडघे गेले. जिना जमेना. अंबरनाथला मुलाचं तळमजल्यावर घर आहे, तिकडे जायचं ठरलं. निघायच्या दिवशी काकांनी कुणाला हात लावू दिला नाही. नारळ फोडला, खोबरं सगळ्या मजल्यांवर वाटलं. मग स्वतः एकेक स्क्रू काढला. पलंग गेला. गोल खिडकी गेली, तिच्या जागी भगदाड राहिलं आणि आमच्या चादरी पुन्हा साध्या झाल्या. मोरीचा दरवाजा चौघांनी उचलला. काकूंना खुर्चीत बसवून खाली नेलं.

शेवटी काका स्क्रूड्रायव्हर घेऊन घंटेपाशी आले. मी दारात उभी होते. परब खालच्या पायरीवर. त्यांना घंटा सोसायटीसाठी मागायची होती आणि मागायला तोंड नव्हतं. काकांनी पहिल्या स्क्रूला टोक लावलं. तसेच थांबले. भिंतीला तळवा लावला, जहाजात लावला होता तसाच.

मग त्यांनी तो स्क्रू उलटा न फिरवता आवळला. चारही आवळले.

"बाई, पाइपावर हात ठेवाचा. कानान नाय कलत," ते म्हणाले. स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला, रिकाम्या घराकडे एकदा बघितलं, दार ओढलं आणि उतरायला लागले. सगळ्यांच्या शेवटी.

मी पाइपावर हात ठेवला. खरं सांगते, मी तो नुसताच ठेवला होता, रडू येऊ नये म्हणून. तर पाइप थरथरला. खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. मी दोरी धरली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून घंटा वाजवली. वरच्या मजल्यांवर बादल्या खडखडल्या. मी जिन्याच्या खिडकीतून वाकून बघितलं. टेम्पो फाटकाबाहेर वळत होता. पुढच्या सीटवरून एक हात बाहेर आला आणि कपाळाला लागला, झेंडावंदनाला लागतो तसा.